आकाशातून दिसणारी हिरवाई

(नाशिक येथील द्वारका परिसरात शासकीय कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

नाशिकचा द्वारका चौक वाहनांच्या वर्दळीसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा महामार्ग आणि पुण्याहून येणारा रस्ता येथे एकमेकांस मिळतात. या चौकातून घोटी-इगतपुरीकडे निघालेला प्रवासी तासाभरात भाताच्या खाचरांच्या आणि दाट पावसाच्या मुलखात शिरतो. तेथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. उलट दिशेने ओझर, पिंपळगाव, चांदवड मागे टाकीत मालेगाव गाठणाऱ्याला द्राक्षबागांनंतर मका आणि बाजरीची राने लागतात. तेथील पाऊस जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर. तिसरी वाट सिन्नरकडे जाते आणि सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागाची अवर्षणाशी असलेली ओळख जुनी आहे. दीडशे किलोमीटरांच्या अंतरात निसर्गाची एवढी तफावत असलेले जिल्हे महाराष्ट्रात थोडेच असतील. एस.टी.ने प्रवास करणाऱ्यास ही तफावत पाहावयास दिवस लागतो. सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून फिरणारा निरीक्षक उपग्रह हा सारा पट्टा काही सेकंदांत नजरेखालून घालतो.

ही नजर नेमके काय पाहते, याविषयी मात्र गैरसमज पुष्कळ आहेत. उपग्रहाला झाड दिसते, पीक दिसते, दुष्काळ दिसतो, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः त्याला यांपैकी काहीच दिसत नाही. त्याच्यावरील उपकरण जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश मोजते, आणि तोही वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांत, वेगवेगळा. या मोजमापातून हिरवाईचे अनुमान कसे काढले जाते हे समजून घेतले, म्हणजे त्या अनुमानावर कोठवर विसंबावे हेही समजते.

पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील लाल किरण मोठ्या प्रमाणात शोषून घेते आणि त्यावर वनस्पती आपले अन्न तयार करते. लाल रंगापलीकडे मानवी डोळ्यास न दिसणारे जे निकट अवरक्त किरण असतात, ते मात्र पानाच्या अंतर्रचनेमुळे बव्हंशी परत फेकले जातात. निरोगी, भरगच्च पिकावरून समजा निकट अवरक्त किरण शेकडा ५० आणि लाल किरण शेकडा ८ परत आले. पहिल्यातून दुसरा वजा केल्यास ४२ उरतात. दोहोंची बेरीज ५८ होते. ४२ ला ५८ ने भागले असता ०.७२ हा आकडा मिळतो. नांगरलेल्या उघड्या रानावरून हेच किरण शेकडा २४ आणि १८ परत आले, तर भागाकार ०.१४ येतो. यालाच ‘सामान्यीकृत फरक वनस्पती निर्देशांक’ असे लांबलचक नाव आहे. शासकीय आदेशांतून तो ‘एनडीव्हीआय’ या अक्षरांनी येतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास फळ्यावर सहज सोडविता येईल असे हे गणित आहे. जगातील वनस्पतींच्या वाढ-घटीविषयीचे बहुतेक निष्कर्ष या साध्या भागाकारावर, किंवा त्याच्याच सुधारलेल्या रूपांवर, उभे आहेत.

ही विद्या भारतात उपग्रहाच्या आधी आली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून, अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर, नारळीच्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली. मूळकुज रोगाने ग्रासलेली झाडे त्या चित्रांत निरोगी झाडांहून वेगळी उमटली. भारतातील दूरसंवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानला जातो.

पृथ्वीवरील साधनसंपत्तीच्या पाहणीसाठी खास सोडलेला पहिला उपग्रह अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी अवकाशात पाठविला. पुढे तो ‘लँडसॅट’ या नावाने ओळखला गेला. महाराष्ट्रातील वडीलधाऱ्यांना या सालाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. तो उपग्रह वर गेला त्याच पावसाळ्यात महाराष्ट्राचे आभाळ कोरडे राहिले होते. बहात्तरच्या त्या दुष्काळात शासनाजवळ साधने होती ती पर्जन्यमापक, पैसेवारी आणि तलाठ्याचा डोळा. गावातील पिकाचे उत्पन्न रुपयात किती आणे वा पैसे आले, ते पन्नास पैशांच्या खाली गेले की वर राहिले, यावर गावाचे भवितव्य ठरत असे. दुष्काळी कामांवर लक्षावधी माणसे खडी फोडीत होती. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. आकाशातील त्या नव्या डोळ्याचा या साऱ्याशी तेव्हा काही संबंध आला नाही. तो यावयास आणखी बरीच वर्षे जावी लागली.

उपग्रहाच्या चित्राचा सर्वांत लहान घटक म्हणजे एक चौकट. चौकटीतील सर्व वस्तूंचा मिळून एकच आकडा उपग्रह देतो. लँडसॅटची पहिली चौकट सुमारे ऐंशी मीटरांची, म्हणजे साधारण दीड एकराची होती. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांवरील जे उपकरण १९८१ पासून साऱ्या पृथ्वीची हिरवाई नियमाने टिपू लागले, त्याची चौकट एक किलोमीटराहून किंचित मोठी, जवळजवळ तीनशे एकरांची. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी सोडण्यात आला. त्याच्या एका कॅमेऱ्याची चौकट ३६ मीटरांची, म्हणजे तेरा गुंठ्यांची होती. ‘टेरा’ या उपग्रहावरील ‘मोडिस’ हे उपकरण अडीचशे मीटरांची, पंधरा एकरांची चौकट देते. युरोपचे सेंटिनेल-२ हे उपग्रह २०१५ पासून दहा मीटरांची चौकट देऊ लागले, आणि दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद जमीन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. सातबारावर ज्या मापाने जमीन लिहिली जाते, त्या मापाशी उपग्रह आता येऊन ठेपला आहे. मात्र लहान चौकटीचे चित्र कित्येक दिवसांनी मिळते, मोठ्या चौकटीचे रोज. आणि जुन्या वर्षांशी तुलना करावयाची तर मोठ्या चौकटींचाच इतिहास लांब आहे. म्हणून तालुक्यांच्या पाहणीत आजही मोठ्या चौकटी वापराव्या लागतात.

या दीर्घ नोंदींनी जगाविषयीच्या काही दृढ समजुती मोडल्या. सहारा वाळवंट दरवर्षी ठरावीक वेगाने दक्षिणेकडे सरकत आहे, असे एके काळी ठामपणे सांगितले जाई. कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९९० या अकरा वर्षांची उपग्रह-निरीक्षणे तपासली, तेव्हा वाळवंटाची दक्षिण सीमा १९८४ पर्यंत खाली सरकली आणि पाऊस परतताच पुन्हा वर गेली, असे आढळले. वाळवंट पुढे चालत नव्हते. पावसाबरोबर ते पुढे-मागे होत होते. एका वर्षाचे चित्र पाहून कायमचा निष्कर्ष काढू नये, हे तेथे सिद्ध झाले.

दुसरा निष्कर्ष भारताशी थेट निगडित आहे. २००० ते २०१७ या काळातील मोडिसची निरीक्षणे तपासून फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पृथ्वीवरील पानांचे एकूण क्षेत्र ५ टक्क्यांनी वाढल्याचे दाखविण्यात आले. ही वाढ अ‍ॅमेझॉनच्या साऱ्या वर्षावनांच्या क्षेत्राएवढी भरते. तीत चीन आणि भारत या दोन देशांचा वाटा एक तृतीयांश होता; वनस्पतींनी आच्छादलेल्या जगातील भूमीपैकी या दोघांकडे मात्र अवघी ९ टक्के आहे. ही वार्ता भारतात अभिमानाने वाचली गेली आणि देशातील जंगले वाढली असा अर्थ अनेकांनी परस्पर लावून टाकला. त्याच अभ्यासातील पुढचा आकडा वाचण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. भारताच्या वाढलेल्या हिरवाईपैकी ८२ टक्के शेतीतून आलेली होती. वनांचा वाटा ४.४ टक्के होता. जेथे वर्षात एक पीक निघे तेथे दोन वा तीन पिके निघू लागली, रान अधिक महिने हिरवे राहू लागले, आणि त्यासाठी खते व सिंचन, विशेषतः भूजल, वापरले गेले. चीनमध्ये वनांचा वाटा ४२ टक्के होता. दोन्ही देश नकाशावर सारखेच हिरवे दिसतात. एकाच्या हिरव्या रंगाखाली लावलेली झाडे आहेत, दुसऱ्याच्या रंगाखाली प्रामुख्याने विहिरी आणि विद्युतपंप.

हवेतील वाढत्या कार्बन डायऑक्साइडनेही पानांची वाढ होते, असे २०१६ मधील एका मोठ्या अभ्यासाने दाखविले आहे. तो स्वतंत्र आणि वादाचा विषय आहे. त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

नाशिक जिल्ह्यात हिरव्या रंगाचा अर्थ लावणे किती अवघड आहे हे पाहण्यासारखे आहे. निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागा एप्रिलमध्ये खरड छाटणीने आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणीने अक्षरशः बोडक्या केल्या जातात. बागाईतदाराने स्वतः, पुढच्या बहाराच्या आशेने, पाने उतरविलेली असतात. उपग्रहाचा निर्देशांक मात्र त्या आठवड्यांत खाली येतो आणि तो आकडा अनभिज्ञ माणसाच्या हाती पडला तर बाग वाळली असे त्याला वाटेल. कांद्याची पात उभी आणि विरळ असते. दोन रोपांमधून जमीन डोकावत राहते. त्यामुळे उत्तम कांद्याचाही निर्देशांक मक्याच्या बरोबरीस येत नाही. कांद्याच्या माना पडू लागल्या की तो आणखी उतरतो, आणि तेव्हा तर पीक काढणीस आलेले असते. बागांवर प्लॅस्टिकचे आच्छादन घातले असेल तर उपग्रहास पान दिसण्याऐवजी प्लॅस्टिक दिसते. काळी जमीन पावसाने भिजली म्हणजे तिच्यावरील विरळ पिकाचा आकडा कोरड्या जमिनीवरील तेवढ्याच पिकापेक्षा वेगळा येतो.

पेठ आणि सुरगाण्याकडील पानझडीची वने फाल्गुन-चैत्रात उघडी पडतात. ती तोडली गेली की पाने गाळून स्वस्थ उभी आहेत, हे मार्च महिन्याच्या एका चित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच वनाचे पावसाळ्यानंतरचे चित्र आणि मागील वर्षांची चित्रे शेजारी ठेवावी लागतात. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेने १९८७ पासून दर दोन वर्षांनी वनस्थितीचा अहवाल देण्याची प्रथा पाडली, तीही उपग्रहचित्रांच्याच आधारे. त्या अहवालात ‘वनाच्छादन’ या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: एक हेक्टर वा अधिक जमीन आणि तिच्यावर किमान १० टक्के वृक्षछत्र, मग मालकी कोणाचीही असो. आमराईसुद्धा या व्याख्येत बसू शकते. २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचे वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर, म्हणजे १६.५१ टक्के दाखविले आहे. हा आकडा भाषणात वापरणाऱ्याने ही व्याख्याही सोबत सांगणे इष्ट होय.

सर्वांत फसवा हिरवा रंग पाण्यावरचा. गोदावरीच्या पात्रात आणि नांदूरमधमेश्वरच्या जलाशयात पाणवेली माजतात, तेव्हा तेथील निर्देशांक उत्तम पिकासारखा वर जातो. नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ. तेथे पाण्यावर हिरवाई वाढली, याचा अर्थ वरून सांडपाणी आले असाच बहुधा असतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे दुष्काळाकडे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पैसेवारीऐवजी शास्त्रीय निर्देशांकांच्या आधारे दुष्काळ ठरविण्याची पद्धत महाराष्ट्राने स्वीकारली. पाऊस किती घटला आणि खंड किती पडला हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर पेरणीचे क्षेत्र, वनस्पती निर्देशांक, जमिनीतील ओलावा आणि जलाशय व भूजलाची स्थिती हे चार निकष लावले जातात. किती निकष भरले यावरून दुष्काळ मध्यम की गंभीर ते ठरते. वनस्पतींच्या बाबतीत तालुक्याची तुलना त्याच्या स्वतःच्या पूर्वेतिहासाशी होते, आणि ते न्याय्यही आहे. समजा एखाद्या तालुक्यात सप्टेंबरमधील निर्देशांक आजवर कमीत कमी ०.३० आणि जास्तीत जास्त ०.७० राहिला आहे आणि यंदा तो ०.३८ आहे, तर तालुका आपल्या पल्ल्यातील विसाव्या टक्क्यावर आहे, म्हणजे स्थिती वाईट आहे. अशा तुलनेमुळे इगतपुरी आणि मालेगाव यांना एकाच फूटपट्टीने मोजण्याचा अन्याय टळतो.

या पद्धतीनुसार ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ४० तालुके जाहीर झाले. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव आणि सिन्नर हे तालुके दोन्ही याद्यांत होते. येवला दुसऱ्या यादीत आला. यादीत नाव येणे म्हणजे काय, हे ग्रामपंचायत सदस्यांस सांगावयास नको. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांस परीक्षा शुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि थकबाकीसाठी पंपाची वीज न तोडण्याची हमी, एवढे सारे त्या नावावर अवलंबून असते. आकाशातील एका भागाकाराचा परिणाम अशा रीतीने बारावीच्या विद्यार्थ्याच्या परीक्षा-शुल्कापर्यंत येऊन पोहोचतो.

अडचण येते ती सरासरीची. तालुक्याच्या एका भागात कालव्याखालचा ऊस आणि विहिरीवरची बाग हिरवी असेल आणि दुसऱ्या भागातील कोरडवाहू बाजरी करपली असेल, तर दोहोंची सरासरी मध्यम येते. ज्याची बाजरी करपली त्याला या सरासरीचा उपयोग नाही. शिवाय हिरव्या बागेला जे पाणी दिले जात आहे ते विकतच्या टँकरचे आहे की शेततळ्यातील शेवटचे, हे निर्देशांकास कळत नाही. बाजरीचे रान हिरवे दिसते आणि कणसात दाणाच भरलेला नसतो, असेही घडते. पाने मोजणाऱ्या उपग्रहाला दाणे मोजता येत नाहीत. २०२३ मध्ये निकषांत न बसलेल्या तालुक्यांतून तक्रारी आल्या आणि नोव्हेंबरात शासनाने सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरांहून कमी पाऊस झालेल्या एक हजाराहून अधिक महसुली मंडळांसही सवलती लागू केल्या. तालुका हा घटक या कामासाठी मोठा पडतो, हे त्या निर्णयातून एका परीने मान्यच झाले.

पावसाळ्यातील ढग ही दुसरी अडचण. पिकाला ताण बसतो तो जुलै-ऑगस्टात, आणि नेमके तेव्हाच जमीन ढगांआड असते. पंधरवड्यातील अनेक चित्रांमधून प्रत्येक चौकटीचा सर्वांत स्वच्छ आकडा निवडून हे उणेपण भरून काढले जाते. ढगांतून आरपार पाहणारे रडार उपग्रह हा याहून चांगला मार्ग आहे. भारताचा रिसॅट-१ हा असा उपग्रह २०१२ मध्ये गेला. भारत आणि अमेरिका यांनी मिळून तयार केलेला ‘निसार’ ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला, आणि दर बारा दिवसांनी तीच जमीन पाहण्याची त्याची योजना आहे.

संहितेने एक उत्तम तरतूद करून ठेवली आहे, ती म्हणजे प्रत्यक्ष पडताळणी. निर्देशांकांनी दुष्काळ सूचित केलेल्या तालुक्यातील सुमारे १० टक्के गावे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकून निवडावी तशी, निवडली जातात आणि तेथील प्रमुख पिकांच्या शेतांत कर्मचारी स्वतः जातात. या भेटी रस्त्याकडेच्या शेतांवरच उरकल्या, तर साऱ्या शास्त्राचा पाया ढासळतो, कारण रस्त्याकडेचे रान बहुधा पाण्याचे असते. निवडलेल्या गावाच्या सरपंचाने आणि सदस्यांनी त्या दिवशी कर्मचाऱ्यांबरोबर शिवाराच्या टोकापर्यंत चालत जाण्यास कोणताही नियम आड येत नाही. पिकांच्या नोंदीही तितक्याच महत्त्वाच्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या पिकाचे छायाचित्र जागेसह नोंदवू शकतो. ज्या गटावर बाजरी आहे तेथे मागील वर्षाचा कांदा तसाच लिहून ठेवला असेल, तर उपग्रहाचा आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जाईल.

शिक्षकांना या कामी दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्राचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून सर्वांस खुले आहे. शाळेच्या संगणकावर त्यावरून आपल्या गावाचे चित्र मुलांना दाखविता येते आणि ओढा, गावठाण, गायरान ओळखावयास लावता येते. दुसरी गोष्ट एका वहीची. शिवारातील ठरावीक चार-पाच जागा निवडून तेथे पेरणी केव्हा झाली, पावसाचा खंड किती दिवस पडला, बागेची छाटणी कोणत्या तारखेस झाली, कांद्याच्या माना केव्हा पडल्या, पळसाची पाने केव्हा गळली आणि नवी केव्हा फुटली, एवढेच मुलांनी लिहून ठेवावे. नागपूर येथे १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र काम करीत आहे. तेथील संगणकात गावाच्या प्रत्येक गुंठ्याचा आकडा असू शकतो. परंतु २० ऑक्टोबरला आकडा का उतरला याचे उत्तर, “त्या दिवशी छाटणी होती”, हे गावातील त्या वहीतच मिळेल.